रथसप्तमीस आकाशपाळण्यातून चोवीस माणसे उतरविली त्याची बखर

श्रीगजानन रक्षो. जो शून्यास बसावयास जागा देतो, एकास उभे करितो आणि नवांस शिस्तीत चालवितो, त्या अंकनायकास साष्टांग घालून, लिहिणाराचे नांव लिहिण्याजोगे नाही ते न लिहितां, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ शुद्ध सप्तमी, मंदवारी मंगळवारी, रथसप्तमीचे दिवशी जे जाहले ते येणेप्रमाणे. (मंदवारी, म्हणजे शनिवारी, हे लेखणी घसरल्याने पडले. वार मंगळवारच. खोडीत नाही, कारण खाडाखोड बखरीस शोभत नाही.)

नदीकाठी एक राज्य होते आणि त्या राज्यावर बाईसाहेब राज्य करीत होत्या. वय साठीचे, बुद्धि तीक्ष्ण, दरारा मोठा, परंतु जत्रेचे वेड लहान पोरीसारखे. त्या साली नदीच्या वाळवंटावर जत्रा भरली आणि परमुलखातून एक आकाशपाळणा आणविला. पाळण्याचा आस जमिनीपासून चोवीस हात उंच, आसापासून पाळणे वीस हात लांब, पाळणे एकंदर बारा, एकेकात दोन दोन माणसे. सर्वांत खालचा पाळणा जमिनीपासून चार हातांवर आणि सर्वांत वरचा चवेचाळीस हातांवर. चाकावर तांबड्या रंगाने अंश लिहिले होते, खाली शून्य, मग तीस, मग साठ, ऐसे चढत चढत माथ्यावर एकशे ऐंशी आणि दुसरे अंगाने उतरत तीनशे तीस. बाईसाहेबांनी चाक पाहिले मात्र, आणि आज्ञा जाहली की पहिला फेरा आमचा. मग सरकार निघाल्या म्हणून दिवाण भगवंतराव यांस जाणे प्राप्त जाहले. दिवाणजींनी लढाईत पाठ दाखविली नव्हती, परंतु जिन्याच्या पांचवे पायरीवर त्यांस घेरी येत असे, ही गोष्ट त्यांचे न्हाव्याखेरीज कोणास ठाऊक नव्हती. पाळण्यात पाऊल ठेवितांना त्यांनी दोन्ही डोळे मिटले, ते दोन्ही मिळून सायंकाळपर्यंत उघडले नाहीत.

मग उरलेल्या पाळण्यांत प्रजा बसली. एकात चिमाबाई बसल्या, त्या दफ्तरातील तक्ते लिहिणारे तक्तेनवीस विसाजीपंत यांचे कुटुंब. सरकारांस घालावयाचा हार चढता चढता पुरा करावा म्हणून फुलांची परडी आणि दोऱ्याची रीळ मांडीवर. एकात मैराळ हलवाई, देह असा की त्यांचे शेजारी दुसरा बसला तो अर्धाच बसला. एकात पोटदुखीवरचे वैद्य. एकात फुटाण्यांची पुडी घेऊन लिहिणार स्वतः. आणि सरकारांचे अगदी समोरचे पाळण्यांत तालमीचे दोन पहिलवान. चाक फिरले, नदी खाली गेली, आकाश खाली आले, बाईसाहेब "वाहवा, वाहवा" म्हणत हसू लागल्या आणि सर्वांस आपापले बाळपण आठवले. तिसरे फेऱ्यास कडाड ऐसा आवाज जाहला आणि शून्याचा आकडा नेमका खाली आला असतां चाक उभे राहिले. पाहतात तो आस डावे बाजूचे बैठकीतून, म्हणजे तो ज्या खाचेत बसतो तीतून, अर्धा निसटला. पहिलवान शून्य अंशावर, चिमाबाई साठ अंशांवर, लिहिणार नव्वदांवर, हलवाई एकशे वीसांवर, आणि सरकार व दिवाणजी थेट एकशे ऐंशीवर, माथ्याच्या टोकास. दिवस दोन प्रहर चढला होता.

खाली वाळूवर तानाबाई बुरूडीण होती. जत्रेचा सारा मांडव तिनेच बांबूंनी उभारला होता, हाताखाली तीस माणसे, आणि लाकूड काय बोलते हे तिला कान लावल्याशिवाय कळे. तिने बैठकीच्या खांबांभोवती दोन वेळां फिरून पाहिले आणि वर तोंड करून ओरडली, "सरकार, चाक फिरवायचं नाय आन् चाकाला हातबी लावायचा नाय. जरा धक्का लागला तर बैठक सुटंल. चौथ्या प्रहरी नदीवरनं वारं सुटतं रोज. त्याच्या आत समदी मानसं खाली पायजेत." सरकार वरून म्हणाल्या, "तर मग काय करावे?" तानाबाई म्हणाली, "शिड्या बांधते. पन चाकावर टेकवायच्या न्हाईत, वाळूत उभ्या रोवून चारी बाजूंनी दोर लावायचे, आन् वरचा आकडा बरोबर पाळण्याच्या काठात अडकला पायजे. आखूड झाली तर पोचत नाय, लांब झाली तर आकडा डोक्यावरनं जातो. म्हनून उंची नेमकी सांगा. खालनं वर बघितलं की डोळा फसतो, मी अंदाजानं बांधणार नाय."

तेव्हां दिवाणजी डोळे मिटूनच बोलिले, "राज्यात कोणतेही माप तक्ते-दफ्तरातून निघाल्याशिवाय खरे धरूं नये, हा आमचाच हुकूम आहे. विसाजीपंतांस बोलवा." विसाजीपंत तेथेच गर्दीत उभे होते. गोरे, किरकोळ, नाकावर चष्मा, बगलेत लॅपटॉप. हा लॅपटॉप राज्यात एकच, आणि त्यांतील स्प्रेडशीट नामे चौकटींचा कागद भरणारेही ते एकटेच, त्यामुळे त्यांचे शब्दास सुरीसारखी धार आली होती. पंतांनी निंबाखाली बैठक मारिली, यंत्र उघडिले आणि भोवती माणसांचे कडे जमले. पंत म्हणाले, "यांत अवघड ते काय? कॉस नामे एक विद्या आहे. कोन सांगावा, ती आडवे-उभ्याचा वाटा सांगते. चोवीसांतून वीस गुणिले कॉस वजा करावे, पाळण्याची उंची हातांत येते." मग पहिले रकान्यात अंश लिहिले, शून्य, तीस, साठ, येणेप्रमाणे. दुसरे रकान्यात बरोबरचे चिन्ह मांडून सूत्र घातले, कॉसच्या कंसात अंशांचे घर दिले, आणि बटण दाबिले. उत्तर आले चार. तानाबाईने पहिलवानांचे पाळण्याखाली आपला गज धरून पाहिला, चार हातच भरले. गर्दीने टाळ्या वाजविल्या. पंतांनी चष्मा पुसला, घराचा कोपरा धरून खालपर्यंत ओढिला, आणि बारा उत्तरे एका क्षणांत बारा सेवकांसारखी हजर जाहली. यंत्राने तक्रार केली नाही, घर तांबडे जाहले नाही, कोठे खूण उमटली नाही. मग पंतांनी पुढे पाहिले नाही, आणि तेथेच अनर्थाचे बीज पडिले.

पंतांनी वाचावयास आरंभ केला. "साठ अंश, त्रेचाळीस हात. एकशे वीस अंश, पावणेआठ हात. बांधा." तानाबाईने एकवार वर पाहिले, एकवार पंतांकडे पाहिले, आणि हुकूम म्हणून माणसांस हात केला. तीस माणसे तुटून पडली आणि अर्ध्या प्रहरांत दोन शिड्या उभ्या जाहल्या. लिहिणार नव्वद अंशांवरून हे सर्व फुटाणे खात पाहत होता, तो साक्षीने लिहितो की चिमाबाईंची शिडी त्यांचे पाळण्याशेजारून निघाली ती वर वर वर जाऊन आकाशांत कोठेंच न टेकतां उभी राहिली, तिचे शेंड्यावर एक कावळा येऊन बसला. आणि मैराळ हलवायांची शिडी दोन पुरुष वर येऊन थांबली. हलवाई खाली वाकून म्हणाले, "पंत, ही शिडी माझे पायतळी सव्वीस हातांवर संपते. मी उरलेले कसे यावे? ओघळावे काय?"

पंत म्हणाले, "तक्ता ऐसे सांगतो." आणि वाचीत चालले, "नव्वद अंश, तेहतीस हात. दोनशे सत्तर अंश, सव्वाचार हात." आता दोनशे सत्तरांवर ते पोटदुखीचे वैद्य होते, लिहिणाराचे अगदी समोर. आम्ही एकमेकांचे डोळ्यांत सरळ रेषेत पाहत होतो. वैद्यांनी विचारिले, "तुम्ही माझ्यापेक्षा एकोणतीस हात उंच आहां काय?" लिहिणार म्हणाला, "मला तसे वाटत तर नाही, परंतु दफ्तर म्हणते." वैद्यांनी नमस्कार केला. तो मी घेतला, नाकारावा कैसा?

मग पंत म्हणाले, "एकशे ऐंशी अंश, सरकारस्वारी, छत्तीस हात." हे ऐकिले मात्र, आणि दिवाणजींनी सकाळपासून प्रथमच एक डोळा उघडिला. "काय म्हणालात? सरकार छत्तीस हातांवर, आणि तुमचे कुटुंब त्रेचाळीस हातांवर? तक्तेनवीसाची बायको सिंहासनापेक्षा सात हात उंच बसते?" पंत म्हणाले, "दिवाणजी, यंत्र..." "यंत्रास राज्यात राहावयाचे आहे की नाही?" ऐसा रागरंग होत असतां बाईसाहेब माथ्यावर बसून इतक्या हसल्या की पाळणा डोलू लागला, दिवाणजींनी डोळा पुन्हा मिटिला, आणि तानाबाई खालून ओरडली, "सरकार, हसू नका! बैठक हालती!" बाईसाहेबांनी पदर तोंडात कोंबिला आणि खांदे तेवढे हलत राहिले.

इकडे चिमाबाई साठ अंशांवर आपले काम करीत होत्या. त्यांनी हार बाजूस ठेविला, दोऱ्याचे टोकास एक शेवंतीचे बोंड बांधिले आणि दोरा खाली सोडिला. फुलारणीसारखा हात, वीतभर दोरा त्यांस न मोजतां कळे. बोंड वाळूस लागले तेव्हां त्यांनी काठाशी गाठ मारिली, दोरा वर ओढिला, कोपरापासून बोटापर्यंत मोजिला आणि म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? मी चौदा हातांवर आहे." पंत म्हणाले, "दोरा ओला असेल. आखडला असेल." चिमाबाई म्हणाल्या, "दोरा आखडला म्हणून मी एकोणतीस हात खाली येईन का? तुमच्या यंत्राला म्हणावं, बायको जवळ आहे, जरा बघ." गर्दीत हंशा पिकला. कोणी म्हणाले, सर्वांनीच दोरे सोडावे. परंतु चिमाबाईंची रीळ तेवढ्यातच संपली होती, दुसऱ्यांजवळ दोरा नव्हता, आणि सरकारांनी पदर सोडून मोजावे तर नऊवारीचे हात अठराच भरतात, मर्यादेचा प्रश्न निराळा.

तेव्हां विसाजीपंत पुन्हा यंत्राकडे वळले. तिसरा प्रहर उतरणीस लागला होता. एक आकडा खरा, दुसरा खोटा, आणि सूत्र तर तेंच. त्यांनी सूत्र पुसून पुन्हा लिहिले, उत्तर तेंच आले. तिसऱ्यांदा लिहिले, तेंच आले. मग त्यांनी चष्मा काढिला आणि ज्या शब्दांची त्यांस कधी सवय नव्हती ते बोलिले, "तानाबाई, मला समजत नाही. शून्यास हे बरोबर सांगते आणि पुढे भलतेच बडबडते. वर माझी माणसे आहेत." तानाबाई त्यांचे शेजारी उकिडवी बसली. म्हणाली, "पंत, हे यंत्र गोल कशानं मोजतं?" "अंशांनी. पूर्ण फेऱ्याचे तीनशे साठ." "असं त्यानं सांगितलं, का तुमी धरून चाललाय?" पंतांनी यंत्राकडे पाहिले. तानाबाई म्हणाली, "आमी टोपलीचा काठ अंशांत न्हाई मोजत. मधापासनं काठापर्यंत जेवढी लांबी, तेवढी बांबूची एक कामटी घ्यायची, तीच काठावर वाकवत न्यायची. सहा कामट्या बसतात आन् वर थोडी फट ऱ्हाती. कुठलीबी टोपली घ्या, ल्हान का मोठी, सहा आन् थोडं. मला वाटतं ह्याला बी कामटीचीच भाषा येत असंल."

पंत ताडकन उठले ते पुन्हा बसले. "रेडियन!" म्हणून ओरडले. "तानाबाई, तुमची कामटी म्हणजे रेडियन! पाठशाळेत शिकलो होतो, परीक्षा जाहली, विसरलो. हे यंत्र अंश जाणतच नाही. मी साठ म्हटले, त्याने साठ कामट्या धरल्या!" तानाबाईने बोटांवर मोजिले. "साठ कामट्या म्हंजी चाकाचे साडेनऊ फेरे." "साडेनऊच!" "आन् सरकारांचे?" "अठ्ठावीस फेरे, आणि वर अर्ध्याहून अधिक!" तेव्हां सर्वांस उमगले की वर सर्व माणसे निमूट बसली असतां यंत्राचे पोटांत ती दोन प्रहरांपासून गरगर फिरत होती, चिमाबाई साडेनऊ वेळां फिरून माथ्याजवळ थांबल्या, हलवाई एकोणीस फेरे मारून तळाशी आले, आणि शून्यास काय फिरवावे, म्हणून पहिलवान तेवढे जाग्यावर राहिले. दिवाणजी वरून क्षीण स्वराने म्हणाले, "तरीच मला घेरी येते."

मग पंतांनी सूत्रात एकच शब्द वाढविला. कॉसच्या कंसात रेडियन्स लिहिले, त्याचे कंसात अंशांचे घर ठेविले, दोन कंस मिटविले. परंतु बटण दाबण्यापूर्वी वर पाहून विचारिले, "अहो, तुमचे किती म्हणालांत?" "चौदा." बटण दाबिले. साठ अंश, चौदा हात. पंतांचे डोळ्यांस पाणी आले, ते त्यांनी यंत्रावर पडू दिले नाही. मग कोपरा ओढिला आणि सर्व आकडे शहाणे होऊन रांगेत उभे राहिले. तीसास पावणेसात, नव्वदास चोवीस, एकशे वीसास चवतीस, एकशे पन्नासास सव्वाएकेचाळीस व थोडे वर, एकशे ऐंशीस चवेचाळीस. आणि पलीकडचे अंगास तेच आकडे उलटे, साठास जे तेच तीनशेस, नव्वदास जे तेच दोनशे सत्तरास. वैद्यांनी लिहिणारापासून आपला नमस्कार तत्काळ परत मागितला.

आतां तानाबाईने पदर खोचिला. "जोडीजोडीनं बांधा रे! ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक, सारख्या मापाची, म्हंजी चाक एका बाजूला झुकणार न्हाई." चिमाबाईंची ती आकाशांत गेलेली शिडी वाया गेली नाही. कावळा उडविला, एक हात बांबू जोडिला, ती चवेचाळीस हातांची होऊन सरकारांचे पाळण्यास नेमकी अडकली. तेव्हां बाईसाहेब म्हणाल्या, "आधी प्रजा उतरूं दे. धनी शेवटी उतरतो, ही आमचे घराण्याची रीत आहे." दिवाणजींनी पाळण्याचा काठ घट्ट धरिला. तानाबाई म्हणाली, "रीत घरात ठेवा सरकार. माथ्यावरचं वजन आधी उतरलं पायजे, न्हाईतर चाक डोक्यानं पडंल. तुमी शेवटी उतरला तर शेवटाला कुणीच उरायचं न्हाई." इतक्या स्पष्ट शब्दांत सरकारांशी कोणी बोलिले नव्हते. बाईसाहेब म्हणाल्या, "बरोबर बोलतेस." आणि चवेचाळीस हात एकेक पायरी स्वतः उतरल्या. दिवाणजी डोळे मिटून उतरले आणि वाळूस पाय लागल्यावरही पायऱ्या शोधीत आणखी चार पावले खाली जाऊं पाहत होते.

मग एकशे पन्नास व दोनशे दहा, मग एकशे वीस व दोनशे चाळीस. मैराळ हलवाई उतरतांना शिडी धनुष्यासारखी वाकली, तानाबाईची दहा माणसे दोरांस लोंबकळली, आणि हलवाई प्रत्येक पायरीस "क्षमा करा" म्हणत, शिडीस की माणसांस न कळे, सुखरूप खाली आले. मग लिहिणार आणि वैद्य एकाच वेळी, एकाच उंचीवरून, एकमेकांकडे न पाहतां. पहिलवानांस तेवढे तानाबाईने दटावून बसविले होते की, "तुमी तळाचं वजन, शेवटपर्यंत हालायचं न्हाई." ते मारुतीचे नांव घेत बसले होते. मग साठ व तीनशे यांची पाळी आली, तोंच नदीवरून वाऱ्याची पहिली झुळूक आली आणि बैठक कण्हल्यासारखी कुरकुरली. चिमाबाईंचे चौदा हातांचे शिडीस विसाजीपंत स्वतः दोर धरून उभे होते. "अहो, लवकर." "परडी घेऊं द्या." "परडी राहूं दे!" "सरकारांचा हार आहे तिच्यांत!" चिमाबाई परडी डोईवर घेऊन उतरल्या, आणि पाय वाळूस लागतांच पंतांनी दोर सोडून भर जत्रेत कुटुंबाचा हात धरिला. तीस व तीनशे तीस ही माणसे शिडीवरून अर्धी उतरली, अर्धी उडी टाकून आली. तानाबाईने पहिलवानांस हाक मारिली, "आता पळा!" दोघांनी चार हातांवरून वाळूत उडी घेतली आणि तालमीस न शोभणाऱ्या वेगाने पळाले.

मागून वारा सुटला. कडाड करून बैठक फुटली, आस सुटला आणि ते चाक पडले नाही, तर वाळूत उभेच्या उभे टेकले, क्षणभर विचार केला, आणि चालू लागले. बारा पाळणे वाळूवर आपटीत, शिड्या मोडीत, पताका अंगावर घेत ते उताराने नदीकडे निघाले. लोक दोहों बाजूंस पांगले. आणि बाईसाहेब, वय साठीचे, राज्याच्या धनीण, हातांत वहाणा घेऊन त्या चाकामागे धावत सुटल्या. "पहा, पहा, कसे जाते!" मग दिवाणजी धावले, पंत धावले, चिमाबाई, हलवाई, वैद्य, तानाबाई आणि तिची तीस माणसे, सारी जत्रा चाकामागे धावली. चाक पाण्यात शिरले, एक पूर्ण फेरा पाण्यात मारिला आणि संथपणे आडवे होऊन तरंगू लागले. बाईसाहेब गुडघाभर पाण्यात उभ्या राहून टाळ्या वाजवीत होत्या, आणि दिवाणजी दोन्ही डोळे उघडून पाहत होते.

तेथेच पाण्यात दरबार भरला. पंतांनी हात जोडून अपराध कबूल केला. सरकार म्हणाल्या, "चूक केलीत तशी सर्वांदेखत सुधारलीत. परंतु आजपासून दफ्तरातला कोणताही तक्ता, त्यांतील दुसरी ओळ दोऱ्याने मोजिल्याशिवाय खरा धरूं नये. पहिली ओळ कोणालाही फसविते." मग तानाबाईस विचारिले, "काय पाहिजे? सोन्याचे कडे, वाळवंटाकाठची जमीन, माग." तानाबाई ओलें लुगडें पिळीत म्हणाली, "कडं नको. ते यंत्र शिकवा मला. त्याला आनखी काय काय ठाऊक न्हाई, ते बघायचंय." पंतांनी लॅपटॉप पुढे केला. तानाबाईने आधी हात कोरडे पुसिले, मग घेतला.

एवंच वर्तमान. पाळण्यात चढली माणसे चोवीस, उतरली चोवीस, जखमी कोणी नाही, वैद्यांचा अहंकार वगळून. चाक नदीने नेले, ते खालचे गांवी काठास लागले असून त्यावर पोरे बसतात ऐसे ऐकितो. आकडे तपासून, वर्तमान पाहिले तसे, वाऱ्याचे दिवशी लिहिले. वाचणाराचे पाय नित्य जमिनीस लागोत.